वायाळ मॅडमची चाचणी रजा

हिवरकर साहेब रजेवर गेले की सोनधारा कालव्यातलं पाणी जोरात पळायचं. ताशी अर्धा किलोमीटर जादा. मी स्वतः मोजलेलं नाही, पण मासे शेवटच्या गावाला एक दिवस आधी पोचायचे आणि तिथला भोई पाण्याकडे बघून म्हणायचा, "साहेब गावाला गेलेले दिसतात." एवढ्यावरच तुमचा विश्वास डळमळणार असेल तर पुढे वाचू नका. कारण पुढे याहून अवघड गोष्ट यायची आहे. एका सरकारी नोकरीतल्या बाईला वरची जागा मिळते, आणि तीही तिनं घेतलेल्या रजांच्या जोरावर.

साल २०४१. गाव मंगळपूर. नकाशावर सापडलं नाही तर दोष नकाशाचा.

मंगळपूरच्या पाटबंधारे कार्यालयाचे प्रमुख हिवरकर साहेब, आणि त्यांच्या हाताखाली कालिंदी वायाळ शाखा अभियंता होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा पहिले तीन महिने कालव्यावर होत्या, पायात बूट, डोक्याला टोपी, हातात मापपट्टी. मग दिवस गेले. तेव्हाचे साहेब भले माणूस. म्हणाले, "उन्हातान्हात कशाला फिरता? टेबलावर बसा." बाळ झालं, चालायला लागलं, शाळेत गेलं, दहावीला बसलं, तरी साहेबांचा तो भलेपणा काही संपला नाही. मागून आलेले तीन जण कालव्यावरून उपविभागाला गेले, जीप मिळवून बसले. मॅडमच्या गोपनीय अहवालात दरवर्षी तीच ओळ: 'वारंवार रजा. क्षेत्रीय कामास अनुकूल नाही.'

आता त्यांच्या टेबलावर काय होतं ते सांगतो. पाणीपाळी. सोनधारा कालवा चौऱ्याऐंशी किलोमीटर लांब. धरणातून पाणी सुटलं की वरच्या गावांना वाटतं सगळं आपलंच, आणि खालच्या गावांना वाटतं वरच्यांनी चोरलं. कुठलं दार कधी उघडायचं, किती वेळ, कोणत्या गावात लग्न आहे म्हणून दारावरचा माणूस जागेवर नसणार, कोणत्या वळणावर गवत माजलं म्हणून पाणी तीन तास उशिरा पोचणार, हे सगळं बसवून पाळी लावायची. हे गणित मॅडमच्या डोक्यात होतं आणि एका निळ्या पुठ्ठ्याच्या लांब वहीत होतं. वही टेबलावर उघडीच असायची. पण कुणाला वाचता येत नसे. टिंबं, बाण, अर्धवट चौकोन, मध्येच एखादं पिंपळपान. दुसऱ्या कुणाच्या हातात पडली असती तर त्यानं ती रांगोळीची वही म्हणून घरी नेली असती.

हे मुद्दाम होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मॅडमनी स्वच्छ अक्षरात, रकाने आखून, बावीस पानांची पाळी तयार केली होती. तेव्हाच्या त्या भल्या साहेबांनी ती मुख्यालयात स्वतःच्या सहीनं सादर केली आणि शाल-नारळ घेऊन आले. त्या दिवसापासून मॅडमनी सरळ रकाना आखला नाही. शिकवायचं तर नावच नको.

अशात पोकळ्या आला.

हे एक यंत्र, त्याचं सरकारी नाव बारा अक्षरी होतं. लोक त्याला पोकळ्या म्हणायचे. तो बनवला डॉ. शाल्मली देवचक्के नावाच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांची कल्पना ऐकायला इतकी सोपी की आधी कुणाला का सुचली नाही याची आपल्यालाच लाज वाटावी. दहा माणसं मिळून काम करतात तेव्हा कुणाच्या हातानं किती झालं हे कळत नाही. ते कळायला एकेकाला बाजूला काढून बघावं लागतं. पण चालत्या कार्यालयातून माणूस काढून प्रयोग करणार कसा? देवचक्के बाई म्हणाल्या, प्रयोग रोज चालूच आहे. त्याला रजा म्हणतात.

मात्र कुठलीही रजा चालत नाही. आधीच ठरवून, कामं उरकून घेतलेल्या रजेतून काही कळत नाही. अचानक पडलेली रजा खरी. डेंग्यू सांगून येत नाही, बाळ पाणीपाळीचं वेळापत्रक बघून जन्माला येत नाही. अशा रजेच्या काळात त्या कार्यालयात काय झालं, आणि त्याच दिवसांत तसल्याच दुसऱ्या तीनशे कार्यालयांत काय झालं, हे पोकळ्या शेजारी शेजारी मांडायचा. फायली किती दिवस अडल्या, तक्रारीचे फोन किती आले, कालव्यात दर किलोमीटरला बसवलेल्या मापकांनी काय दाखवलं. पाऊस, सुट्ट्या, निवडणुका यांचा परिणाम वजा करायचा. उरेल ती त्या माणसाची पोकळी. शंभरात किती, तेवढा अंक. माणूस नसताना काम सुधारत असेल तर अंक शून्याखाली.

आणि गंमत बघा. ज्या बायकांची सेवापुस्तकं रजांनी फुगली म्हणून आजवर नाकं मुरडली गेली, त्यांच्याबद्दल पोकळ्याकडे मजबूत माहिती जमा झाली. आणि 'वीस वर्षांत एक दिवस चुकलो नाही' म्हणून छाती काढणाऱ्यांच्या नावापुढे त्यानं लिहिलं, 'माहिती अपुरी.'

यादी लागली त्या सकाळी मंगळपूर कार्यालयात पडद्यापुढे ही गर्दी. समीना तांबोळी ही कनिष्ठ अभियंता, वय एकोणतीस, ओरडायला तिला निमित्त लागत नाही. "मॅडम! चौऱ्याण्णव! अख्ख्या विभागात पहिल्या!"

"आणि साहेब?" तिच्याच बरोबरीचा ओंकार घुले हळूच म्हणाला.

सगळ्यांनी बघितलं. हिवरकर साहेब: उणे एकतीस.

"ती रेघ चुकून पडली असेल," भांडारपाल म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे 'माहिती अपुरी' होतं. बावीस वर्षांत त्यांनी रजा घेतली नव्हती. ती त्यांनी त्याच दुपारी घेतली. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा कार्यालयात फोन आला. "तुमच्या यंत्राला काय मोजायचं ते लवकर मोजू द्या आणि ह्यांना परत बोलवा. डबे उघडून डाळी मोजत बसलेत."

बढती आता ह्याच अंकावर ठरायची, त्यामुळे चौऱ्याण्णव अंक म्हणजे उपविभागीय अभियंत्याची जागा जवळजवळ हातात. शेपटाकडचा, म्हणजे कालव्याच्या शेवटाचा उपविभाग रिकामाच होता. तिथे आजवर एकही बाई गेली नव्हती. मॅडमनी अर्ज केला. अर्जाच्या शेवटी साहेबांनी भरायचा एक रकाना होता: 'सदर कर्मचाऱ्यास कार्यमुक्त करणे शक्य आहे काय?' हिवरकर साहेबांनी आयुष्यात इतका छोटा शेरा कधी लिहिला नव्हता. 'नाही. कृपया अंक पाहावा.'

मॅडम त्यांच्या खोलीत गेल्या. "साहेब, हे काय?"

"बसा, बसा. मॅडम, तुमचा मला अभिमान आहे. पण तुम्हाला सोडू कसा? तुम्ही सासूबाईंच्या वेळी दोन महिने नव्हता तेव्हा खडकपांगरीचे लोक माझी गाडी उचलून कालव्यात ठेवायला निघाले होते. यंत्रच सांगतंय, तुमच्याशिवाय हे टेबल पार खाली बसतं."

"म्हणजे मी नालायक होते तोवर बढती नाही, आणि लायक ठरले म्हणूनही नाही?"

"शब्द तुमचे आहेत," साहेब म्हणाले आणि चहा मागवला. एकच कप.

घरी सुदर्शन, म्हणजे मॅडमचा नवरा, भाजी निवडत बसला होता. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. हात तांब्याच्या तारेला सरावलेले, मेथीला नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"वही शिकवायची त्या दोघांना," कालिंदी म्हणाली. "समीनाला आणि ओंकारला. टेबल माझ्याशिवाय चाललं की मला अडवता येणार नाही."

"वेडी आहेस का? टेबल चाललं की तुझे चौऱ्याण्णव गेले. मी दुकानात कुणाला वाइंडिंग शिकवतो का? शिकवलं की समोरच दुकान टाकतात."

"नाही शिकवलं तर जागची हलणार नाही मी."

"आणि शिकवलंस तर म्हणतील, हिची गरजच काय? दोन्हीकडून मेलीस." त्यानं मेथीची एक काडी मोडली. "निदान आत्ता नाव तरी झालंय. ते कशाला घालवतेस?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. "तुझी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. तू दुकान किती दिवस बंद ठेवलंस?"

"दोन."

"मी दोन महिने घरी होते. आपल्या पिंकीच्या डेंग्यूला?"

सुदर्शननं मेथीची जुडी खाली ठेवली.

"ते चौऱ्याण्णव ह्या घरातून आलेत, सुदर्शन. मी इथे राबत होते म्हणून तिथे पाणी अडलं. निम्मे अंक तुझ्या नावावर पाहिजेत. पण ते तसे मिळत नाहीत, म्हणून दुसरं काहीतरी मागते. मला चार महिने संध्याकाळचे दोन तास पाहिजेत. शिकवायला."

"आणि स्वयंपाक?"

"तो तुला कोण शिकवतंय याचीच मी वाट बघतेय."

पहिल्या आठवड्यात त्या घरात जे शिजलं त्याला नाव नाही. दुसऱ्या आठवड्यात पिंकीनं ते ओळखलं. तिसऱ्यात मागून घेतलं.

कार्यालय सुटल्यावर कालिंदी मॅडम समीनाला आणि ओंकारला घेऊन बसायच्या. पहिल्या दिवशी वही उघडली. सोळा वर्षांचं कुलूप आपल्याच हातानं काढायचं होतं. पिंपळपानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे एकतीस नंबरचं दार. गंजलंय. लावलं तरी पाणी गळतं. ते गृहीत धरायचं."

"मग दुरुस्त का नाही केलं?" ओंकारनं विचारलं.

"कारण ते गळतं हे मला एकटीलाच माहीत होतं."

समीनानं ते टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं दुरुस्तीचा प्रस्ताव लिहून आणला. अंदाजपत्रकासकट, सरळ रकान्यांत. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि खाली समीनाचंच नाव राहील असं बघितलं.

महिनाभरात चिन्हांच्या जागी आकडे आले. ओंकारनं मापकांची माहिती जोडली, समीनानं गावोगावच्या दारवाल्यांशी बोलून लग्नं-जत्रांची यादी केली. मॅडमना सोळा वर्षांत सुचलं नव्हतं असं त्या दोघांना चार महिन्यांत सुचायला लागलं. त्याचा मॅडमना आनंद झाला, असं मी लिहू शकलो असतो. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्यांना त्या दोघांचा राग आला.

अर्ज साहेबांच्या शेऱ्यासकट निवड समितीकडे गेलाच होता. निवडीच्या आधी एक अट होती, तिचं नाव चाचणी रजा. पोकळ्या चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलाही दिवस काढायचा आणि त्या सकाळी उमेदवाराला निरोप यायचा: आजपासून पंधरा दिवस कार्यालयात पाऊल नाही, फोन नाही, निरोप नाही. कुणाला आधी कळायला नको, म्हणजे कुणी कामं उरकून ठेवायला नको. रजा फसवी नको म्हणून ही तजवीज.

मॅडमना निरोप आला तो रब्बीच्या तिसऱ्या पाळीला. हरभरा घाट्यावर, गहू ओंबीवर. पाणी चुकलं तर शेपटाकडची नऊ गावं हातची जाणार. मॅडम घरात बसल्या. बसल्या म्हणजे उठल्या, पुन्हा बसल्या. त्यांना दोन भीती होत्या आणि दोन्ही एकदम खऱ्या होऊ शकत नव्हत्या. पाणी पोचलं नाही तर अंक वर, पण पिकं जाणार. पोचलं तर पिकं वाचणार आणि बढती जाणार.

पाचव्या दिवशी दुधवाल्यानं सांगितलं, सत्तेचाळीस नंबरचं दार अर्ध्यात अडकलंय. मॅडमचा हात फोनकडे गेला. सुदर्शननं फोन उचलून फ्रीजवर ठेवला. "पंधरा दिवस म्हणालेत. आज पाचवा." मग तोच अस्वस्थ होऊन म्हणाला, "त्या दाराची मोटर मला बघू दे का जाऊन?"

"तू माझा नवरा आहेस. तेही फसवणुकीत धरतील."

नवव्या दिवशी खडकपांगरीच्या देवराव मोहितेंचा फोन आला. शेपटाकडचं शेवटचं गाव. हा माणूस दर पाळीला शिव्या द्यायला फोन करायचा. कार्यालयातला नसल्यानं त्याला तो नियम लागू नव्हता.

"मॅडम, पाणी आलं."

"मग मला कशाला सांगता?"

"नाही आलं की तुम्हालाच सांगतो ना? आलं तर दुसऱ्या कुणाला सांगू?"

मॅडमनी फोन ठेवला. दार अडकल्यानं तीन तासांचं पाणी वाया गेलं होतं. समीनानं वरच्या दोन दारांचं पाणी आवरून ते भरून काढलं होतं, हे त्यांना नंतर कळलं. त्या क्षणी मात्र त्यांच्या एवढंच ध्यानात आलं की आपण बाद झालो. त्या हसल्या. सुदर्शन घाबरला.

अंक आला नऊ.

निवड समिती विभागीय मुख्यालयात बसली. मधल्या खुर्चीवर देवचक्के बाई स्वतः. शेरा देणारा अधिकारी म्हणून हिवरकर साहेबही हजर, इस्त्रीच्या सफारीत.

"माझं म्हणणं लेखी दिलं आहे," साहेब म्हणाले. "चौऱ्याण्णव हा यंत्राचा गैरसमज होता. चाचणीत खरं उघड झालं. मॅडमच्या असण्या-नसण्यानं माझ्या कार्यालयाला काही फरक पडत नाही."

"मग मला सोडा, साहेब," कालिंदी म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्याशिवाय टेबल बसतं म्हणून तुम्ही मला सोडत नव्हता. आता बसत नाही. सोडा."

देवचक्के बाईंच्या शेजारच्या गृहस्थांना खोकल्याची उबळ आली. बाईंनी चष्मा काढला. "वायाळ, मला एक सांगा. खरा अंक कुठला? चौऱ्याण्णव की नऊ?"

इथे गप्प बसलं असतं तर चाललं असतं. मॅडमनी पिशवीतून निळी वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"चौऱ्याण्णवमधला बराचसा भाग ह्या वहीतून आला, मॅडम. मी ती कुणाला वाचता येणार नाही अशी लिहिली. जाणूनबुजून. माझी पाळी एकदा दुसऱ्याच्या सहीनं गेली होती, तेव्हापासून. मी रजेवर असले की गावं कोरडी राहायची आणि मला बरं वाटायचं, की बघा, माझ्याशिवाय चालत नाही. ह्यावर कारवाई करायची तर करा. पण नऊ हा अंकही माझाच आहे. तो मिळवायला मला चार महिने लागले."

हिवरकर साहेब उठून उभे राहिले. "ही कबुली आहे! सरकारी माहिती दडवली!"

"बसा," देवचक्के बाई म्हणाल्या. त्या वही उलटीसुलटी करून बघत होत्या. "वही टेबलावर उघडी असायची?"

"हो."

"सोळा वर्षांत किती साहेबांनी विचारलं, हे काय लिहिलंय म्हणून?"

"एकानंही नाही."

बाईंनी आपल्या यंत्राला एक प्रश्न घातला. राज्यभरात असं कुठे झालंय का, की वर्षाच्या आत एखाद्या जागेचा अंक ऐंशीच्या वरून विसाच्या खाली आला? उत्तर आलं: चार ठिकाणी. तीन ठिकाणी माणूसच बदलला होता. एक मेला, एक निवृत्त, एक परदेशी गेला, आणि मग कार्यालयं रडतखडत सावरली. माणूस जागेवर असताना अंक पडल्याचं एकच उदाहरण: मंगळपूर. मग बाईंनी शेजारचे अंक मागवले. ओंकारला मध्ये ताप येऊन गेला होता, समीनाला आजीच्या मयताला जावं लागलं होतं. तेवढ्या रजांवरून अंदाज निघत होता. समीना एक्कावन्न. ओंकार सेहेचाळीस. वर्षापूर्वी दोघंही पाचाच्या आत.

"चूक माझी आहे," देवचक्के बाई सावकाश म्हणाल्या. शास्त्रज्ञ माणूस असं म्हणतो तेव्हा ऐकण्यासारखं असतं. "मी खड्डा मोजायला शिकवलं यंत्राला. खड्डा कुणी भरला ते बघायला शिकवलंच नाही. मग लोक खड्डे जपणारच." त्यांनी हिवरकर साहेबांकडे पाहिलं. "कार्यमुक्त करायला आता तुमची काही हरकत नाही ना? लेखी तसंच दिलंय तुम्ही. फरक पडत नाही म्हणून."

साहेबांनी सही केली. त्या वर्षीपासून पोकळ्याच्या तक्त्यात दुसरा रकाना आला, 'भर' नावाचा: ह्या माणसामुळे किती जण तयार झाले. कालिंदी वायाळ यांना वही दडवल्याबद्दल एक लेखी समज मिळाली आणि शेपटाकडचा उपविभाग मिळाला. दोन्ही कागद एकाच पाकिटात आले. सुदर्शननं त्यांतला कोणता चौकटीत लावायचा म्हणून विचारलं. ती म्हणाली, दोन्ही. हिवरकर साहेबांना प्रशिक्षण संस्थेत पाठवलं. ते रजेवर असले की तिथली व्याख्यानं वेळेत संपतात, असं ऐकतो.

नव्या जागेवरच्या पहिल्या सकाळी रामेश्वर टाकळकर नावाचे शाखा अभियंता मॅडमच्या खोलीत आले. दाराची कडी वाजवून, मान खाली घालून. हातात अर्ज.

"तीन महिन्यांची रजा पाहिजे होती, मॅडम. जमलं तर."

मॅडमनी अर्ज वाचला. कारणापुढे लिहिलं होतं, 'घरगुती अडचण.'

"कसली अडचण?"

"बायकोचं बाळंतपण आहे. घरी दुसरं कुणी नाही. बालसंगोपन रजा आम्हालाही आहे असं वाचलं नियमात. पण आजवर इथे कुणी पुरुषानं घेतलेली नाही..." त्यांचे कान लाल झाले होते. "लोक हसतात."

मॅडमनी पेन उघडलं, 'अडचण' शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बाळ'. सही करायच्या आधी मात्र थांबल्या.

"तुमच्याकडची दारं दुसऱ्या कुणाला माहीत आहेत?"

टाकळकरांनी दोन्ही हात मागे घेतले. "नाही, मॅडम. सगळं माझ्या डोक्यात आहे. म्हणजे, लिहून ठेवावं असं कधी..."

"कळलं. किती दिवस उरलेत?"

"बावीस."

मॅडमनी सही केली, टोपी डोक्यावर चढवली आणि बाहेर हाक मारली, "भिसे! चला, कालव्यावर जायचंय." सुनंदा भिसे ही दीड वर्षापूर्वी लागलेली कनिष्ठ अभियंता. तिला उन्हाचा त्रास नको म्हणून आधीच्या साहेबांनी टेबल दिलं होतं. ती फायलींच्या ढिगाआडून उठली, तशीच पायात चपला घालून धावत आली आणि सवयीनं जीपच्या मागच्या बाजूला चढायला लागली.

"तिथे नाही," मॅडम म्हणाल्या. "मागून दारं दिसत नाहीत. टाकळकर, तुम्ही मागे बसा आणि बोलत राहा. ही पुढे बसून लिहून घेईल."

टाकळकर मागे चढले. भिसे पुढे बसली. गाडी कालव्याच्या रस्त्याला लागायच्या आतच ते सांगू लागले होते की पहिल्या दाराचा दांडा डावीकडे ओढावा लागतो, आणि ती मान वर करून विचारत होती, "सरळ का नाही करून घेतला तो?"